अकरा मिनिटं

१२ जानेवारी

आजपासून दोन वह्या. एक विभागाच्या मॅडमना दाखवायची. कुठली शस्त्रक्रिया, कुठली भूल, कुठलं औषध किती, असं सगळं तिच्यात. दुसरी ही. ही कपाटात स्वेटरखाली राहणार.

भूलशास्त्राच्या शिक्षणाला सात महिने झाले. आज मॅडमनी सकाळी सगळ्यांना उभं करून विचारलं, "पूर्वी सिझेरियन पूर्ण भुलेखाली करत, तेव्हा भूल मुद्दाम हलकी ठेवत. का?" मी सांगितलं, आईला दिलेलं औषध वारेतून बाळापर्यंत पोचतं. बाळ गुंगीत जन्मू नये, लगेच रडावं, म्हणून बाळ बाहेर येईपर्यंत कमीत कमी औषध. मॅडम म्हणाल्या, "बस. हिला घरी कुणीतरी शिकवत असणार."

घरी कोण शिकवणार? बाबा लॉन्ड्रीत इस्त्री करतात. आई शिंप्यांची काज-बटणं करते. कॉलेजची पायरी चढलेली घरातली पहिली मीच. बाबा गल्लीत सांगत सुटतात, "आमची डॉक्टरीणबाई माणसाला झोपवते." शेजारचे काका म्हणाले, "त्यात काय, तुझ्या गप्पा ऐकून आम्हीही झोपतो."

मी हे क्षेत्र का घेतलं, ते मुलाखतीत सांगितलं होतं तसंच अजून वाटतं. कापणारे पुष्कळ आहेत. ज्याला कापतात त्याच्या उशाशी बसणारं कुणीतरी हवं.

१७ जानेवारी

आईच्या पोटावर जुन्या टाक्यांच्या जागी फुगवटा येतो. हर्निया आहे. पूर्वी खोकल्यावर लिंबाएवढा व्हायचा, आता उभी राहिली तरी संत्र्याएवढा होतो. आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. दोन वर्षं ती "बघू" म्हणते आहे.

आज ठरवलं, नीट समजावून सांगायचं. तिचा बटणांचा डबा घेतला आणि ओट्यावर मांडलं. एक जागा बधिर करायची असेल तर एवढंसं इंजेक्शन, दात काढताना देतात तसं. हात किंवा पाय बधिर करायचा तर त्याच्या नसेपाशी. कमरेखालचं सगळं बधिर करायचं तर पाठीच्या कण्यात बुपिवाकेन, माणूस जागा राहतो, बोलतो. आणि पूर्ण भूल. ती मात्र एका औषधाची नसते. पांढरं बटण ठेवलं. हे प्रोपोफॉल, दुधासारखं दिसतं, क्षणात झोप आणतं. निळं ठेवलं, हे फेंटानिल, दुखू देत नाही. राखाडी ठेवलं, ही वाफ, श्वासातून जाते, झोप टिकवते. मग काळं ठेवलं. हे व्हेक्युरोनियम, स्नायू ढिले पाडतं. यानं माणूस झोपत नाही, फक्त हलू शकत नाही. श्वाससुद्धा मशीन देतं.

आईनं काळं बटण उचललं. "आणि हे एकटंच राहिलं तर?"

"एकटं राहत नाही, आई. आम्ही बसलेलो असतो ना तिथं."

"बोटसुद्धा हलवता येत नाही?"

"अगं पण कळतच नाही तर बोट कशाला हलवायचं?"

ती "बरं" म्हणाली. काळं बटण तिनं डब्यात टाकलं नाही, खिडकीत ठेवून दिलं.

तपासणीचा फॉर्म मी घरीच भरून टाकला. मागची शस्त्रक्रिया: सिझेरियन, चोवीस वर्षांपूर्वी. मागची भूल: पूर्ण. भुलेबद्दल काही तक्रार? आई म्हणाली, "काही नाही म्हणून लिही." लिहिलं. बाबांनी तेवढ्यात खोक्यावरची चिकटपट्टी टर्रकन ओढली, तशी ती उठून मागच्या दारी गेली. तिला तो आवाज आवडत नाही. लहानपणी माझ्या वह्यांना कव्हरं नेहमी बाबाच घालायचे.

फॉर्म तयार आहे. आई तयार नाही.

२९ जानेवारी

आज विशेष काही झालं नाही, असं लिहून वही मिटणार होते. हाताला ते जमत नाही.

पित्ताशयाची शस्त्रक्रिया होती, दुर्बिणीतून. बाई पंचेचाळीसच्या, कोर्टात लघुलेखिका. आत घेताना मी त्यांचा हात धरला होता. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, वीस वर्षं लोकांचं बोलणं उतरवून घेतेय. आज सुट्टी." मी म्हटलं, "आज आम्ही उतरवून घेतो, तुम्ही झोपा." प्रोपोफॉल दिलं, झोपल्या. बाकीची औषधं दिली, नळी घातली. डोळे कोरडे पडू नयेत म्हणून पापण्यांवर चिकटपट्टी लावली. सगळं शिकवल्यासारखं.

मॅडम शेजारच्या थिएटरमध्ये गेल्या होत्या. श्वासात वाफ किती आहे हे दाखवणारा मॉनिटर दुरुस्तीला गेलाय, आठवडा झाला. वाफेच्या बाटलीतलं औषध तळाला आलं होतं. भरताना वाफेची डायल बंद करावी लागते. केली. भरत असतानाच सर्जन सर म्हणाले, "टेबल डावीकडे कर गं." टेबल कललं. वॉर्डबॉय मामांना स्टूल सरकवायला सांगितलं. सलाइन संपत आलं होतं, ते बदललं.

मग नाडी वाढली. ब्याण्णव, एकशे आठ, एकशे चोवीस. पोटात हवा भरली की वाढतेच, पुस्तकात आहे. मी नाडी उतरवायचं औषध दिलं. उतरली. मला बरं वाटलं. मी किती शांतपणे हाताळलं, असंही वाटलं, ते लिहूनच ठेवते.

नंतर डायलकडे लक्ष गेलं. शून्यावर होती.

घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं.

डायल फिरवली. मिडाझोलामही दिलं, विसर पाडणारं. पण ते पुढचं विसरायला लावतं, मागचं नाही. हे मला पाठ आहे.

चार्ट आम्ही दर पाच मिनिटांनी ठिपके देऊन भरतो. कामाच्या गडबडीत ठिपके राहतात, मग शेवटी एकदम देतात. सगळेच देतात. मीही दिले. वाफेच्या रकान्यात सरळ रेघ आली, कुठेही तुटली नाही.

३१ जानेवारी

वॉर्डात गेले. बाई उशीला टेकून बसल्या होत्या. सिस्टर म्हणाली, "आल्यापासून आडव्याच होत नाहीत. दुखतं का विचारलं तर नाही म्हणतात."

मी विचारलं, "कशा आहात?"

त्या माझ्या चेहऱ्याकडे न बघता हातांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "सरांनी शेवटी कुठली फरशी घेतली?"

"कसली फरशी?"

"पांढरी की राखाडी."

सर नवीन घराच्या फरशीबद्दल बोलत होते. तेव्हाच. त्या अकरा मिनिटांत.

मी म्हटलं, "तुम्ही आराम करा." आणि बाहेर आले. 

२ फेब्रुवारी

मॅडमना सांगितलं. सगळं, डायलसकट. त्यांनी दार लावून घेतलं. चार्ट मागवला, चष्मा वर करून पाहिला.

"चार्ट तर छान आहे."

"मॅडम, तो मी नंतर भरलाय."

"सगळेच नंतर भरतात. हे बघ, भुलेच्या औषधांनी स्वप्नं पडतात. बाईंना तसंच सांग. महिन्याभरात विसरतील. तू घरातली पहिली ना शिकलेली? एका डायलपायी सगळ्यावर पाणी सोडणार आहेस?"

मग त्यांनी पेन घेऊन चार्टच्या तळाशी लिहिलं, 'संपूर्ण वेळ उपस्थित', आणि सही केली. माझ्यासाठी त्यांनी एवढी जोखीम घेतली. मला भरून आलं. बाहेर पडताना त्यांनी पुन्हा विचारलं, "अजून कुणाकुणाला बोललीयेस?" त्यांना माझी किती काळजी.

६ फेब्रुवारी

बाई घरी गेल्या. जाताना त्यांच्या यजमानांनी मला बाजूला घेतलं. "डॉक्टर, हिच्या डोक्यावर काही परिणाम झालाय का? भूल चढली असेल का? दिवसाही आडवी होत नाही. चादर अंगावर घेतली की ओरडते."

मी म्हटलं, "कमी होईल हळूहळू."

"तुम्ही म्हणताय म्हणजे होईलच," ते म्हणाले आणि हात जोडून गेले.

त्या जोडलेल्या हातांनी माझं जेवण गेलं.

८ फेब्रुवारी

आज चार जणांना भूल दिली. डायलला प्रत्येक मिनिटाला हात लावून बघत होते. मामा म्हणाले, "ताई, ती काय पळून जाणारेय? की तिला ताप आलाय?" सगळे हसले.

झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे आता बघवत नाही. पूर्वी तो शांत वाटायचा. आता वाटतं, शांत आहे की नुसता हलत नाही, हे मला बाहेरून कसं कळणार?

१० फेब्रुवारी

बाई टाके दाखवायला आल्या आणि तिथून सरळ आमच्या खोलीत. मी एकटीच होते. पर्समधून लघुलेखनाची वही काढली. सगळ्या खुणाच खुणा, माझ्यासाठी अगम्य.

"शुद्धीवर आले त्या संध्याकाळीच उतरवून काढलं. वाचून दाखवू?"

मी नको म्हणू शकले नाही. त्यांनी कोर्टात वाचतात तसं वाचलं, आवाज न चढवता.

"पुरुष, वयस्क: टेबल डावीकडे कर गं. मुलगी: मामा, ते स्टूल सरकवा. वयस्क: बायको म्हणते पांढरी फरशी, मला वाटतं राखाडी. दुसरी बाई: पांढरी लवकर मळते, सर. वयस्क: जपून बोला, कोर्टातल्या बाई आहेत, उठल्यावर सगळं टिपून ठेवतील. कंसात, हशा."

त्यांनी वर पाहिलं. "हसण्यात तुम्हीही होतात. तुमचा आवाज ओळखला मी. आत नेताना माझा हात धरला होतात."

मी हसले होते. तेही मला आठवतंय.

"मग पोटात ओढल्यासारखं झालं. त्यासाठी आमच्या लिपीत खूण नाही, तिथं रिकाम्या ओळी सोडल्यात. मी तुम्हाला हाक मारत होते. उजवी करंगळी हलवायची, एवढंच मनाशी धरलं होतं. करंगळी हलली की या मुलीला दिसेल. ती उशाशीच बसलीये." त्यांनी पान उलटलं. "आणि हे शेवटचं वाक्य. मुलगी, हळू आवाजात: अरे देवा, डायल. त्यानंतर माझ्याकडे काही नाही." त्यांनी वही मिटली. "डॉक्टर, डायल म्हणजे काय?"

मी म्हटलं, "या औषधांनी कधीकधी खूप खरी वाटणारी स्वप्नं पडतात."

मी म्हटलं हे. माझ्या तोंडानं.

त्यांनी वही पर्समध्ये ठेवली. मग म्हणाल्या, "मला तक्रार करायची नाहीये. घरचे म्हणतात, तुला भास झाला. आता मलाही वाटायला लागलंय की वेड लागतंय. वीस वर्षांत माझ्या एका ओळीवर कुणी शंका घेतली नव्हती. तुम्ही पहिल्या."

खुर्ची जागेवर सरकवून गेल्या.

११ फेब्रुवारी

करंगळी. मी बघितली असती तरी काही दिसलं नसतं. औषध मी चोख दिलं होतं.

१४ फेब्रुवारी

सुट्टी. दुपारी बाबा लॉन्ड्रीत, आई बटणं द्यायला शिंप्याकडे गेलेली. मी ठरवलं, अकरा मिनिटं म्हणजे किती ते बघायचं. पलंगावर उताणी झोपले. मोबाइलवर गजर लावला. हॉस्पिटलमधली चिकटपट्टी पापण्यांवर लावली. हलायचं नाही, गिळायचंही नाही, असा नियम.

सुरुवातीला सोपं गेलं. मग नाकाच्या शेंड्याला खाज सुटली. मग भिंतीपलीकडे शेजारच्या काकू भांडी लावत होत्या, त्यांचं पुटपुटणं शब्दन्‌शब्द ऐकू यायला लागलं. वाटलं, नऊ मिनिटं तरी झाली असतील. नंतर हिशेब केला, तीनसुद्धा झाली नव्हती. आणि मला कुणी कापत नव्हतं.

दार वाजलेलं कळलं. आईची पावलं कळली. नियम होता म्हणून मी हलले नाही.

आई किंचाळली. माझ्या आईला मी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलेलं नाही. तिनं पट्ट्या ओढून काढल्या, पापण्यांचे केस उपटून आले, आणि तिनं माझ्या थोबाडीत मारली. मग माझं डोकं छातीशी धरून जमिनीवर बसली. 

"हा कसला खेळ? कुणी शिकवला तुला?"

मी सगळं सांगितलं. डायल, चार्ट, फरशी, करंगळी.  आईचा अंगठा तर्जनीवर घासत होता, रात्री चादरीबाहेर ठेवलेल्या हातांचा झोपेतही घासतो तसा. सुई धरून धरून लागलेली सवय.

शेवटी तिनं विचारलं, "तिनं तुला विचारलं, तेव्हा तू काय म्हणालीस?"

"स्वप्न पडलं असेल म्हणाले."

आई उठली. खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. "ती बाई रागावून नाही आली तुझ्याकडे. एक माणूस शोधत आली होती, खरं होतं म्हणणारं. जा आणि सांग तिला."

"मॅडम म्हणतात, माझं शिक्षण जाईल."

"जाईल तर जाईल. बटणं लावू दोघी." मग म्हणाली, "नाहीतर ती आयुष्यभर स्वतःलाच खोटं म्हणत बसेल."

आई दुसरीपर्यंत शिकलेली आहे. पण खरं-खोटं तिला किती सरळ दिसतं. मला हे पुस्तकातून शिकावं लागतंय.

१६ फेब्रुवारी

गेले. दुसरा मजला, दारात चपलांचे दोन जोड. यजमानांनी दार उघडलं. बाई खुर्चीत बसल्या होत्या, मानेमागे उशी. खुर्चीतच झोपतात आता.

मी दोघांसमोर बोलले. "तुम्ही ऐकलंत ते सगळं खरं होतं. तुम्ही जाग्या होतात. डायल म्हणजे झोपेची वाफ सोडायची कळ. मी ती बंद केली आणि सुरू करायला विसरले. अकरा मिनिटं. चूक माझी आहे. तुमच्या डोक्यावर काही परिणाम झालेला नाही."

यजमान आधी बायकोकडे आणि मग जमिनीकडे बघत राहिले. बाईंनी वही मागितली. यजमानांनी आणून दिली. त्या म्हणाल्या, "पुन्हा सांगा. सावकाश." मी पुन्हा सांगितलं. त्यांनी उतरवून घेतलं. शेवटच्या शब्दाला त्यांचं पेन थांबलं आणि त्या रडायला लागल्या. यजमान खुर्चीपाशी खाली बसले. म्हणाले, "मी तुला वेडी म्हणालो गं."

मला वाटलं होतं, सांगून झालं की हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. मी पायऱ्या उतरत असताना बाईंनी वरून हाक मारली. "डॉक्टर, माझी करंगळी हलली होती का?"

"नाही. हलूच शकली नसती."

"मग माझे प्रयत्न कमी पडले नाहीत."

"नाही."

तिथून हॉस्पिटलात गेले आणि अधीक्षकांकडे लेखी दिलं. चार्टमधले कुठले ठिपके खरे नाहीत, तेही लिहिलं.

२५ फेब्रुवारी

चौकशी होणार आहे. तोवर मला थिएटरमध्ये जायला बंदी. मला शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीच्या खोलीत बसवलंय, फॉर्म भरायला. मॅडम समोरून गेल्या तरी ओळख दाखवत नाहीत. त्यांच्या सहीबद्दलही विचारलं जाणार, असं मामा म्हणाले. मला कळलं नाही, सही तर त्यांनी माझ्यासाठी केली होती. मामा म्हणाले, "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात, पण भोळ्या आहात." मग मला कळलं.

आता मी प्रत्येकाला एक जास्तीचा प्रश्न विचारते. मागच्या भुलेत काही ऐकू आलं होतं का? लोक हसतात. आज एक आजोबा हसले नाहीत. म्हणाले, "हे पहिल्यांदाच कुणी विचारलं," आणि काठी टेकत उठून गेले.

बाबांनी गल्लीत बढाई मारणं थांबवलंय. पण माझा पांढरा कोट रोज इस्त्री करून खुंटीला असतो, पूर्वीपेक्षा कडक.

१ मार्च

आज जेवताना आई आपणहून म्हणाली, "ते हर्नियाचं करून टाकू. पण पाठीतलं द्या म्हणावं. जागं राहतात, बोलता येतं, तसलं."

बाबांचा घास हातातच राहिला. "दोन वर्षं डोकं फोडतोय आम्ही. आज काय झालं?"

"आज वाटलं," आई म्हणाली.

३ मार्च

आईला तपासणीला घेऊन गेले. टेबलाच्या अलीकडे ती, पलीकडे मी. रीतसर व्हावं म्हणून जुनी कागदपत्रं आणायला सांगितली होती. पिशवीतून पिवळा पडलेला कागद निघाला. सिझेरियन. पूर्ण भूल. मुलगी. जन्मताच मोठ्यानं रडली.

मी सहज म्हटलं, "तेव्हा दिवसच होता ना गं?"

"हो. पण वरचा एक दिवा फडफडत होता. डॉक्टर कुरकुरत होते, आधी हा बदला म्हणून. नर्स म्हणाली, स्टूल आणते."

"तुला कुणी सांगितलं?"

तिचा अंगठा तर्जनीवर घासायला लागला.

मी कागदाकडे पाहिलं. पूर्ण भूल. बाबा तेव्हा बाहेर होते. ती आत एकटी होती. डोळ्यांवर पट्टी. दिवा दिसला नसणार, कुरकूर ऐकली असणार. मॅडमनी विचारलेला प्रश्न आठवला आणि माझं पाठ असलेलं उत्तर. हलकी ठेवत, बाळ लगेच रडावं म्हणून. मी मोठ्यानं रडले होते, कागदावर लिहिलेलं आहे.

चिकटपट्टीचा आवाज. चादरीबाहेर ठेवलेले हात. खिडकीतलं काळं बटण. चोवीस वर्षं मी त्याच घरात होते. ओट्यावर बटणं मांडून मी तिला शिकवत होते.

बाहेर रांग होती. शिपाई दोनदा डोकावून गेला. मी टेबलावरून हात पुढे करून तिची बोटं धरली. माझ्या मुठीतही ती हलत होती.

"आई," मी म्हटलं, "ते खरं होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. हळूहळू अंगठा थांबला.

मी घरी भरलेला फॉर्म काढला. 'तक्रार: काही नाही' यावर आडवी रेघ मारली आणि पेन उघडं धरून म्हटलं, "सांग. मी लिहून घेते."

आई म्हणाली, "बाहेर लोक खोळंबलेत गं."

"असू देत."

मग ती सांगायला लागली. फॉर्मवर दोन ओळींची जागा होती. मी मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत गेले.